सत्तेचाळीस नंबरचं रक्त

मानिसालेस, १७ फेब्रुवारी २०१३

नुबिया,

फोन उचलून लगेच ठेवून देतेस, त्यापेक्षा उचलूच नकोस. आणि आईला सांग, माझा आवाज ओळखून ‘राँग नंबर’ म्हणत जाऊ नकोस. सत्तरीत खोटं बोलायला शिकणं तिला झेपत नाही, लगेच खोकला येतो. सप्टेंबरात तू सालामिनाला आईकडे राहायला गेलीस, तेव्हापासून मी त्या घराचा राँग नंबर आहे, म्हणून आता कागद. ऐकण्यापेक्षा वाचलेलं तुला लवकर कळतं असं यूली म्हणाली होती. ती हे म्हणाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू तिचा फोन काढून घेतलास, तेही मला माहीत आहे. मुलीला मावशीशी बोलायची बंदी! असो.

तुझा राग कशावर आहे ते मला तोंडपाठ आहे. हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, “यांना आधी कधी डोकेदुखीचा त्रास होता?” आणि मी म्हटलं, “तेराव्या वर्षापासून. अर्धशिशी. आधी डोळ्यांपुढे चमकतं, अर्धं दिसेनासं होतं, मग दुखतं.” तू खाटेवर होतीस. तोंड एका बाजूला ओढलेलं, जीभ हलत नव्हती, पण डोळे माझ्यावर रोखलेले. त्या एका उत्तराने तुझा बस चालवायचा परवाना गेला. शाळेच्या विम्याच्या लोकांनी हॉस्पिटलच्या कागदांतून नेमकी तेवढीच ओळ शोधून काढली. शाळा चालवणाऱ्या मठातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुम्ही आम्हाला बारा वर्षं फसवलंत. रोज सकाळी ज्या बायका तुझ्या हाती आपल्या मुली सोपवायच्या, त्या रस्त्यात तोंड फिरवायला लागल्या. सख्खी बहीण, तिला गप्प बसता आलं नाही, असं तुझं म्हणणं.

नाही आलं. डॉक्टर औषध ठरवत होते. मेंदूत रक्ताची गाठ अडकलेल्या बाईबद्दल खोटं बोलू का मी? शिवाय बसमध्ये बावीस मुली होत्या गं. चिप्रेच्या उतारावर तुझा उजवा हात स्टिअरिंगवरून गळला आणि तू डाव्या हाताने बस दरडीला घासत नेऊन थांबवलीस. शूर बाई म्हणून पेपरात फोटो आला. सगळं मान्य. पण एका पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं. अर्धा रस्ता दिसत नसताना तू किती सकाळी त्या मुली नेल्यास, ते तुला माहीत आणि तुझ्या देवाला.

तुमची अर्धशिशी मी नेहमी दाराच्या बाहेरून बघितली. आई आत अंधारात, कपाळाला बटाट्याच्या चकत्या बांधून. तू तेरा वर्षांची झालीस आणि तिच्या शेजारी जाऊन पडलीस. डोकी तुम्हा दोघींची दुखायची आणि घरातले हात सगळे माझे. वडिलांची न्याहारी, कोंबड्या, धुणं. शिवाय पायही वाजवायचे नाहीत. मला एकदाही दुखलं नाही. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटायचा. आजारी पडायलासुद्धा तुमची जोडी होती.

हॉस्पिटलात तू डाव्या हाताने पाटीवर लिहून विचारलं होतंस, ‘माझं रक्त कसं होतं?’ आदल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासासाठी तू रक्त दिलं होतंस, त्याबद्दल. त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं. ठीक होतं. त्या अभ्यासाचा आणि तुझ्या आजाराचा काही संबंध नाही. ते डोक्यातून काढून टाक.

इदाल्बा


मानिसालेस, ९ मार्च २०१३

नुबिया,

हाताने दाबायचे चेंडू आणि लोकरीचे हातमोजे पाठवले होते, ते न उघडता परत आले. वर आईची चिठ्ठी: ‘ती घेत नाही. म्हणते, विचारलं त्याचं उत्तर आधी दे.’ आईला उत्तर कशाचं तेही माहीत नाही, बिचारी पोस्टमनचं काम करते.

बरं. अभ्यासाचं सांगते. तू तिथे होतीस, तरी पहिल्यापासून सांगते, कारण तुझ्या डोक्यात त्याचं काहीतरी भलतंच झालेलं दिसतंय.

डॉक्टर एचेवेरींना बघायचं होतं की ज्या बायकांना अर्धशिशी असते, विशेषतः डोळ्यांपुढे चमकणारी, त्यांच्या रक्तात काही वेगळं असतं का. रक्तवाहिन्या आतून सुजल्या की वाढतात ती द्रव्यं, रक्त घट्ट करणारी, गाठी धरायला लावणारी. साठ बायका अर्धशिशीच्या, साठ निरोगी, सगळ्या पंचेचाळिशीच्या आतल्या. अर्धशिशीच्या बायका भराभर मिळाल्या. या शहरात कोणाचं डोकं दुखत नाही? निरोगी मिळेनात. उपाशीपोटी यायचं, सुई टोचून घ्यायची, दोन पानं फॉर्म भरायचा, आणि बदल्यात मक्याची एक अरेपा आणि कपभर गरम चॉकलेट. कोण येणार? ऑगस्ट उजाडला, बोगोटाच्या परिषदेला सगळं पाठवायचं होतं, आणि माझ्या यादीत चौदा जागा रिकाम्या. डॉक्टर रोज दारात उभे राहून विचारायचे, “इदाल्बा, झाल्या का हो?” एक शब्द वाकडा नाही. तेच जास्त लागायचं.

मग मी तुझ्याकडे आले. तू ओट्याशी उभी राहून सिगारेट ओढत होतीस आणि यूलीचा डबा भरत होतीस.

“निरोगी म्हणून ये,” मी म्हटलं.

“मी? निरोगी?” तू इतकी हसलीस की ठसका लागला. “आणि डोकं दुखतं का विचारलं तर?”

“शाळेच्या डॉक्टरला दर जानेवारीत काय सांगतेस?”

“नाही म्हणून सांगते.”

“मग इथेही तेच सांग.”

तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, “मला कागद मिळेल का? निरोगी असल्याचा, शिक्क्याचा?” तो कागद तुला शाळेत दाखवायचा होता. म्हणजे सौदा दोघींचा होता, हे विसरू नकोस. मी तुला फरपटत नेलं नाही. फॉर्मवर ‘डोकेदुखी: नाही’ हे अक्षर तुझं आहे. ‘गर्भनिरोधक गोळ्या: नाही’ हेही तुझंच.

(गोळ्या दर महिन्याला मीच आणून द्यायचे, ओळखीच्या दुकानातून. तुला मानिसालेसच्या मेडिकलवाल्यांसमोर लाज वाटायची. नवरा स्पेनमध्ये आणि गोळ्या कशाला, असं ते म्हणतील म्हणून. मी कधी विचारलं नाही, कोणासाठी.)

तुझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, नस पहिल्याच झटक्यात सापडली. तू म्हणालीस, “तुझा हात हलका आहे गं.” चार नळ्या घेतल्या. नंबर लावला सत्तेचाळीस. बस, एवढंच.

तुझे आकडे जरा वर होते. थोडेच. अशा बायका असतात.

इदाल्बा


मानिसालेस, ३१ मार्च २०१३, ईस्टरचा रविवार

नुबिया,

सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेले नाही. शेजारच्या फाबियोलाबाई जाताना दार वाजवून गेल्या. मी आत गप्प बसून राहिले. गप्प बसणं मला चांगलं जमतं, हे तुला आता कळेलच.

अभ्यासाचा दुसरा भाग सुरू झालाय. नव्या बायका. गेल्या मंगळवारी एकशे बत्तीस नंबरचा निकाल यंत्रातून आला. गालेरियाच्या बाजारात भाजी विकणारी बाई, अडतीस वर्षांची, अर्धशिशीवाली. मी आकडे दोनदा बघितले. जवळजवळ तुझेच आकडे. डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, “यांना आजच फोन करा. आजच.” मी फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली, हाताला कोथिंबिरीचा वास. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि साध्या भाषेत सांगितलं, “बाई, तुमच्या रक्तात हे वाढलंय. याने उद्या काही होईलच असं नाही, त्याबद्दल शास्त्रात अजून भांडणं आहेत. पण तुम्हाला डोळ्यांपुढे चमकतं, तुम्ही सिगारेट ओढता, आणि या गोळ्या घेता. हे तिन्ही एकत्र नको, याबद्दल मात्र कोणाचं भांडण नाही. गोळ्या आजपासून बंद. सिगारेट बंद. आणि ही चिठ्ठी घेऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.”

ती म्हणाली, “एवढंच ना डॉक्टर? मला वाटलं आता मरतेच.” आणि जाताना मला पिशवीभर कोबी देऊन गेली.

मी घड्याळ बघितलं होतं. तिला केलेला फोन धरून सगळं मिळून पस्तीस मिनिटं.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. म्हणून लिहिते. मागच्या पत्रात ‘थोडेच वर’ लिहिलं ते खोटं. त्याच्या आधी ‘ठीक होतं’ लिहिलं ते खोटं. हॉस्पिटलात तुझ्या पाटीकडे बघून मान हलवली तेही खोटं.

सीआरपी तीनच्या आत हवा, तुझा नऊ होता. फायब्रिनोजेन चारशेच्या आत हवं, तुझं पाचशे दहा. होमोसिस्टीन पंधराच्या आत, तुझं एकोणीस. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी दुसरी नळी लावली. तेच. तिसरी लावली. तेच.

डॉक्टरांनी मला बोलावलं. “इदाल्बा, जरा इकडे या. ही सत्तेचाळीस कोण? निरोगी गटातली ना? हिचं रक्त बघा. हिच्या नसा आतून धुमसतायत.”

मी उभी होते. तिथे मला दोन वाक्यं बोलायची होती: ती माझी बहीण आहे, आणि तिला अर्धशिशी आहे. म्हणजे निरोगी बाई मी खोटी भरली, हे उघडं झालं असतं. सोळा वर्षांची नोकरी गेली असती. मी म्हटलं, “त्या आठवड्यात तिला सर्दी-ताप होता, डॉक्टर. मला बोलली होती.”

“मग आधी नाही का सांगायचं! काढा तिला. दुसरी शोधा.”

मी काढलं. एक ओळ खोडली. डॉक्टर सज्जन माणूस, त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

तुला नंतर तरी सांगता आलं असतं, बंद दाराआड, कोणाला न कळता. ‘नुबिया, गोळ्या सोड.’ चार शब्द नाहीत. नाही सांगितलं. का, ते मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलंय. तू घाबरशील. तू शाळेत बोलशील. तू आईला सांगशील आणि आई सगळ्या गावाला. पण आज ईस्टर आहे तर खरं लिहिते. डॉक्टर म्हणाले ‘आतून धुमसतायत’ तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? ‘म्हणजे सोंग नव्हतं तर.’ एकवीस वर्षं मला वाटत होतं की तू कामं टाळायला अंधारात जाऊन पडतेस. आता ते रक्तातून लिहून आलं, आणि मला तुझी काळजी वाटायच्या आधी राग आला. मग मी इतकी वर्षं जे भोगलं ते कोणामुळे, कोणावर ओरडायचं, असा राग. त्या रागातच तुझी ओळ खोडली आणि जेवायला गेले.

पुढच्या महिन्यात तुझ्या गोळ्या आणायला गेले. आणून दिल्या. त्याच्या पुढच्या महिन्यातही. असं नऊ महिने.

इदाल्बा


मानिसालेस, २६ मे २०१३

नुबिया,

बुधवारी वर्ष झालं. तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस, पण यापुढचं ऐक.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मी डॉक्टर एचेवेरींच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं, क्रमाने, जसं तुला लिहिलं. ते चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बहीण कशी आहे आता?” मी म्हटलं, “उजवा हात उचलत नाही. शब्द सापडत नाहीत.” मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला, मला म्हणाले बसा, आणि काहीतरी गणित केलं.

“हे बघा इदाल्बा,” ते म्हणाले, “तुमच्या त्या ओळीने निष्कर्षात काही फरक पडत नाही. ती बाई अर्धशिशीच्या गटात गेली तर उलट आपलं म्हणणं आणखी पक्कं होतं.”

ते मला धीर द्यायला म्हणत होते गं. चांगल्या मनाने. मी तिथे बसून हसायला लागले आणि हसू थांबेना, त्यांनी पाणी आणवलं. मी काय केलं त्याने शास्त्राचं केसभर बिघडलं नाही. जगात एकाच माणसाचं बिघडलं.

त्यांना ते तिथेच मिटवायचं होतं. “झालं ते झालं, तुम्ही पुरेशी शिक्षा भोगताय.” मी म्हटलं, “मी नाही भोगत, ती भोगते.” आणि लेखी अर्ज केला, संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे. पाच जण लांबलचक टेबलामागे. एक बाई होत्या, वकील. त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतःहून का आलात? कोणी तक्रार तर केली नव्हती.” मी म्हटलं, “जिने करायची तिला बोलता येत नाही.”

नोकरी गेली. दोन वर्षं कुठल्याही प्रयोगशाळेत काम करायची बंदी. डॉक्टरांना छापलेला लेख दुरुस्तीला पाठवावा लागला. आता ते मला रस्त्यात दिसले तर नमस्कार करतात, पण थांबत नाहीत. अठरा वर्षांत माझ्या हातून एक नळी फुटली नव्हती. निरोप समारंभ नाही, केक नाही. पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघाले.

हे तुला कौतुकासाठी सांगत नाही. तू म्हणशील, उशीर झाला. झालाच. माझ्या अर्जाने तुझं एक बोटही हललं नाही. पण समितीच्या कागदावर आता लिहिलेलं आहे की सत्तेचाळीस नंबरच्या बाईला तिच्या रक्ताचा निकाल कळवायला हवा होता आणि मुद्दाम कळवला नाही. नाव माझं आहे. एक प्रत सोबत जोडली आहे. शाळेच्या विम्याच्या लोकांशी अजून भांडायचं असेल तर वकिलाला दाखव.

मला क्षमा कर असं लिहायला बसले होते. लिहिते. मला क्षमा कर.

इदाल्बा


सालामिना, ११ जून २०१३

इदाल्बा,

तुमची पत्रं मिळाली. आई चुलीत घालणार होती. मी दिली नाहीत.

हे डाव्या हाताने. चार दिवस लागतायत. शब्द येतात, उशिरा. चुकलं तर तसंच ठेवते.

तुम्ही क्षमा मागितलीत. तुमच्याकडे शब्द आहेत म्हणून मागता येते. मला ‘चमचा’ म्हणायला सकाळ जाते. यूली हातात चमचा धरून उभी असते, सांगत नाही, मीच म्हणावं म्हणून. मला तिच्या तोंडावर फेकून द्यावासा वाटतो.

आता माझं. हे कोणाला सांगितलेलं नाही. वकिलालाही नाही.

त्या दिवशी पहिल्या थांब्यावरच चमकायला लागलं होतं. डावीकडे, करवतीच्या दात्यांसारखं. थांबायला हवं होतं. फोन करायला हवा होता, दुसरी बस पाठवा म्हणून. पण मग का ते विचारलं असतं. मला वाटलं, नेहमीसारखं वीस मिनिटांत जाईल. डोकं वाकडं करून उजव्या बाजूने रस्ता बघत गेले. तशी मी पुष्कळदा गेले आहे. तुम्ही पहिल्या पत्रात ते बरोबर लिहिलंत. म्हणून जास्त राग आला.

त्या पोरीचं हाड माझ्या माथी. माझा हात तुमच्या माथी. मी अशी वाटणी केली आहे. ती बदलणार नाही. क्षमा वगैरे मला जमत नाही. पुढे जमेल का माहीत नाही.

आणि सोंग. तुम्हाला ते सोंग वाटायचं, हे मला नेहमी माहीत होतं. अंधारात पडल्यावर तुमच्या पावलांवरून कळायचं. भांडी आपटायचात. प्रत्येक भांडं डोक्यात वाजायचं. आई म्हणायची, जाऊ दे, ती दमली असेल. आम्ही जोडी नव्हतो. दोन आजारी माणसं होतो. तुम्ही दार उघडून आत आला असतात तर दिसलं असतं.

हे पत्र यासाठी नाही.

यूलीला एप्रिलपासून दिसतंय. तीनदा झालं. शाळेत फळ्याचा अर्धा भाग जातो म्हणाली. मग ओकते, मग झोपते. आई म्हणते, आपल्या घरच्या बायकांचं असंच असतं. म्हणू दे. मी तिला तसं राहू देणार नाही. त्या भाजीवाल्या बाईला ज्या डॉक्टरांकडे पाठवलं त्यांना यूली दाखवायची आहे. इथे तसं कोणी नाही. मी डॉक्टरांसमोर बोलू शकत नाही, अर्धं आठवतं, अर्धं अडकतं. आईला नीट ऐकू येत नाही. दुसरं कोणी नाही म्हणून तुम्ही.

वेळ घ्या. दिवस कळवा. सकाळच्या पहिल्या गाडीने या, ती चौकात उभी राहील. संध्याकाळी चौकातच सोडा. घरी येऊ नका.

नुबिया


मानिसालेस, ३० जून २०१३

नुबिया,

पुन्हा लिहू नका असं तू म्हणाली नाहीस, म्हणून एवढं एकच.

गुरुवारी तुझ्या सांगण्याप्रमाणे पहिल्या गाडीने आले. यूली चौकात उभी होती, पाठीवर दप्तर, दप्तरात तू दिलेला कागद. किती उंच झाली आहे! मी जवळ घ्यायला गेले तर तिने गाल पुढे केला, जसा पाहुण्यांना करतात. मी वर तुमच्या गल्लीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून आले होते.

गाडीत ती खिडकीशी बसली. अरान्सासू गाव मागे पडलं. मी पिशवीतून चीजची अरेपा काढली, तिने घेतली, अर्धी मला परत दिली. मग म्हणाली, “मावशी, तुला कधी दिसतं का? चमकतं का?”

“नाही. मला कधीच नाही.”

“मग तुला कळणार नाही,” ती म्हणाली. रागाने नाही. जशी एखादी गोष्ट असते तशी सांगितली.

मी विचारलं, कसं असतं. तिने काचेवर वाफ सोडली आणि बोटाने काढून दाखवलं, आधी एक ठिपका, मग त्याच्याभोवती वाकडीतिकडी रेघ, वाढत वाढत काचेच्या कडेपर्यंत. “याच्या आत काहीच नसतं,” ती म्हणाली. “काळं नसतं. नसतंच.” तुझ्या आणि आईच्या शेजारी इतकी वर्षं काढली मी, आणि हे कोणाला विचारलं नव्हतं.

नेइराच्या पुढे वळणं सुरू झाली तेव्हा ती सरळ माझ्याकडे वळून बसली. डोळे तुझे आहेत तिचे, नुबिया, चुकवता येत नाहीत.

“आईला तू आजारी पाडलंस का? आजी म्हणते, तसं नाही. आई काहीच म्हणत नाही. पण तुझी पत्रं आली की ती दोन दिवस जेवत नाही.”

मला खोटं बोलता आलं असतं. तेरा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, हे कारणही हाताशी होतं. मी म्हटलं, “आजार तिचा होता. मला तो तिच्या रक्तात दिसला होता. तिला सांगितलं असतं तर कदाचित टळला असता. मी सांगितलं नाही.”

“का?”

“माझी नोकरी जाईल म्हणून. आणि मला तिचा राग होता म्हणून.”

तिने मान हलवली. रडली नाही. बाहेर धुकं उतरलं होतं, ती त्या धुक्याकडे बघत राहिली, मानिसालेसचा स्टँड येईपर्यंत.

दवाखान्यात नंबर लागला. नर्सने यूलीचं नाव पुकारलं आणि म्हणाली, “मोठं माणूस कोण आहे सोबत?” मी उठले. यूलीने दप्तरातून तुझा कागद काढला. तुझी डाव्या हाताची अक्षरं मी लांबूनही ओळखली, पानभर होती. तो कागद तिने छातीशी धरला आणि मला म्हणाली, “आईने सगळं लिहून दिलंय. माझं मी बोलते. तू इथेच थांब.”

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “जाऊ द्या तिला. तिला सगळं माहीत आहे.”

आत तिला पाऊण तास लागला. डॉक्टर काय म्हणाले ते तिने घरी येऊन तुला सांगितलंच असेल. मला तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा हातात दोन चिठ्ठ्या होत्या आणि चेहरा मोकळा होता, एवढं मला दिसलं. पुढची तारीख ऑक्टोबरातली आहे, तेवढी मात्र तिने सांगितली, कारण गाडीला मीच येणार.

बाकी माझं असं की तो पाऊण तास मी पुन्हा दाराच्या बाहेरच, बाकावर बसून होते.

इदाल्बा